जांभळ्या रेघा

इंजिनावरची चिखलाची शेवटची खपली निघाली आणि मिस्त्रीच्या हातातला ब्रश थांबला. बोल्टच्या डोक्यावरून खालच्या धातूपर्यंत एक बारीक जांभळी रेघ गेली होती. शेजारच्या बोल्टवरही तशीच. त्याने फडक्याने बाकीचे बोल्ट पुसले. एकही रेघेवाचून नव्हता.

“काय हो, काही लफडं आहे का?” मागून डॉक्टरांनी विचारलं. ते दातांचे डॉक्टर. शर्यतीची ही चार चाकांची क्वाड बाईक त्यांनी गेल्याच आठवड्यात घेतली होती, तिसऱ्या की चौथ्या हातची. “विकणारा म्हणाला, मागचा एक्सल आणि चाकं नवी टाकलीत, पण इंजिनाला आजवर कुणी हात लावलेला नाही. तुम्ही लावा. पिस्टन भक्कम घाला, तेल थंड ठेवायला कूलर बसवा. भर उतारावर दगा देणारं इंजिन नको मला. लोकांचे दात पाडणं हा माझा धंदा आहे, स्वतःचे पाडून घ्यायची हौस नाही.”

मिस्त्री हसला नाही. “उघडून बघतो,” एवढंच म्हणाला. डॉक्टर त्यांच्या दवाखान्याकडे गेले, तरी तो त्या रेघांकडेच बघत राहिला. तो रंग नव्हता. नेलपॉलिश होतं. आणि ते कुणाच्या बाटलीतलं, हे त्याला ठाऊक होतं.

त्याची पोरगी याच गॅरेजात त्याच्या शेजारी उभी राहून काम करायची. बोल्ट मापात आवळला की त्यावर नेलपॉलिशची रेघ ओढायची. बोल्ट केसभर जरी सरकला तरी रेघ तुटते आणि नुसत्या नजरेला कळतं. “इंजिनाचं लग्न आहे का गं?” तो चिडवायचा. “हसा बाबा, पण माझं इंजिन वाटेत थांबायचं नाही,” ती म्हणायची. जावई शर्यतीत उतरायचा आणि त्याची गाडी बापलेक मिळून तयार करायचे. वाटणी ठरलेली होती. इंजिन तिचं, चाकं आणि ब्रेक त्याचे.

तीन वर्षांपूर्वी भर उतारावर गाडीची मागची चाकं एकदम अडकली. बघणारे सगळे तेच सांगत होते. गाडी उलटली आणि जावई खाली सापडला. इस्पितळात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. “इंजिन जाम झालं असणार,” मिस्त्री त्याच संध्याकाळी म्हणाला. इंजिनात पिस्टन अडकला की चाकं अडकतात, हे कुणालाही पटण्यासारखं होतं. पोरीलाही पटलं. “मीच मारलं त्यांना, बाबा,” ती म्हणाली. त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. “होतं असं. माणूस आहे, चुकतो.”

गाडी त्याने न उघडताच भंगारवाल्याला देऊन टाकली. तिच्याकडे बघवत नाही, असं कारण सांगितलं. पोरगी माहेरी राहायला आली. औषधांच्या दुकानात कामाला लागली. त्यानंतर तिने पाना हातात धरला नाही. घरात भांड्याच्या दांडीचा स्क्रू ढिला झाला तरी ती शेजाऱ्यांना हाक मारायची.

मिस्त्रीने बोल्ट सोडवायला घेतले. एकेक बोल्ट पूर्ण जोर लावल्याशिवाय हलला नाही. हेड उचललं, सिलिंडर काढला, आत बॅटरी मारली. जाम झालेल्या इंजिनात पिस्टन भिंतीला खरवडून ठेवतो. ते ओरखडे जन्मात पुसले जात नाहीत. त्याने नख फिरवलं. पुन्हा फिरवलं. देवा, एक ओरखडा सापडू दे, तो मनात म्हणाला आणि आपण काय मागतोय हे कळून त्याची त्यालाच शरम वाटली. भिंत काचेसारखी गुळगुळीत होती.

तीन वर्षांपूर्वीही मनात पाल चुकचुकली होती. तेव्हा त्याने ती शंका हुसकून लावली होती. आत्ताही काही बिघडलं नव्हतं. सिलिंडर गोणपाटात गुंडाळायचा, संध्याकाळी डॉक्टरांना नवा घ्यायला सांगायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्याने गोणपाट ओढलंही.

तेवढ्यात पोरगी डबा घेऊन आली. नेहमीसारखी दाराबाहेरच थांबली आणि डबा स्टुलावर ठेवला. वळता वळता तिची नजर टेबलावर गेली. हेडवर अजून जांभळे तुकडे चिकटलेले होते.

“ही... ही आपली गाडी आहे?”

मिस्त्रीच्या हातात गोणपाट तसंच राहिलं. मग त्याने ते खाली टाकलं.

“आत ये.”

“नको बाबा.”

“ये म्हणतो ना.”

ती आली. तीन वर्षांत पहिल्यांदा. त्याने सिलिंडर तिच्यापुढे सरकवला. मग तिचं बोट आपणहून आत गेलं. वरून खाली फिरलं, खालून वर आलं, आणि सगळीकडून फिरून थांबलं. काय शोधायचं, हे ते बोट विसरलं नव्हतं.

“जाम नव्हतं झालं,” ती हळूच म्हणाली. “बाबा, माझं इंजिन जाम नव्हतं झालं.”

“नव्हतं.”

“मग चाकं कशी अडकली?”

तिने मान वर केली. मिस्त्रीला खाली बघावंसं वाटलं, पण त्याने बघितलं नाही.

“मागच्या एक्सलचं बेअरिंग मी जुनंच बसवलं होतं, तेच जाम झालं असणार,” तो म्हणाला. “चाकं माझ्याकडे होती, पोरी.”