हात लावू नका

इथे आखातात, खैतानमधल्या आमच्या शिलाईच्या दुकानाला सकाळी आग लागली. बंबवाल्यांनी विझवली, पण सगळं कापड भिजलं. विमा एजंटाने फोनवर बजावलं, "सर्व्हेअर येईपर्यंत कशालाही हात लावू नका. हात लागला तर क्लेम बाद. नियमच आहे." तेव्हापासून आमचे हे दारात येरझाऱ्या घालत तेच घोकत होते. माझी नजर टेबलावर. गोव्याच्या नर्सचा लग्नाचा पांढरा गाऊन पसरलेला, उद्या शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमध्ये घालायचा. शेजारी कलंडलेल्या लाल साटीनच्या ठाणाचा रंग सुटून त्याच्याकडे सरकत होता. "अहो, बोटभरच राहिलंय!" "नको गं. क्लेम गेला तर दुकान गेलं." मी ठाण खसकन ओढलं. तेवढ्यात सर्व्हेअरची गाडी थांबली. मी लाल तळवे ओढणीत लपवले. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आपलेही हात ठाणावर दाबले. "किसने छुआ?" सर्व्हेअरने विचारलं. हे म्हणाले, "मैंने."