हळू बोल

“आज कुठला वार, आजी?”

रिस्टेनने लेकीकडे पाहिलं. तोरिलने मान खाली घातली. येताना गाडीत तिने आईला वार दोनदा सांगितला होता.

नर्स बीरेतने स्मरणशक्तीच्या चाचणीच्या कागदावर शून्य मांडलं. महिना, साल, मघाशी सांगितलेले तीन शब्द, सगळीकडे शून्यच. नॉर्वेजियनमधला प्रत्येक प्रश्न म्हातारी नीट ऐकून घ्यायची आणि ओशाळं हसायची. गुण फार कमी पडले तर आईला वृद्धाश्रमात हलवावं लागणार, हे तोरिलला ठाऊक होतं.

बीरेतने रेनडियरचं चित्र पुढे केलं. “हे काय?”

“जनावर,” रिस्टेन म्हणाली. मग चित्रावरून बोट फिरवत ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली.

बीरेतचं पेन थांबलं. ती उत्तरेकडच्या रेनडियर पाळणाऱ्या सामी लोकांची भाषा होती. “तुम्ही घरी सामी बोलता?”

“छे! आईला कुठली येतेय? माझे आजी-आजोबा बोलायचे म्हणे.”

बीरेतने तोच प्रश्न सामीत विचारला. रिस्टेन ताठ बसली आणि बोलायलाच लागली. बीरेत मधूनमधून तोरिलला अर्थ सांगत राहिली. हा तीन वर्षांचा नर. असाच एक माझ्या बाबांचा होता, गळ्यात घंटा बांधलेला. हिवाळ्यात कळप घेऊन निघालो की तो पुढे असायचा. मी घसरगाडीत कातड्याखाली घंटा ऐकत पडायचे. आई चालता चालता गायची.

साठीला टेकलेली तोरिल बघतच राहिली. आईचा हा आवाज तिने कधी ऐकलाच नव्हता.

बीरेतने सगळी चाचणी पुन्हा सामीत घेतली. वार चुकलाच, पण महिना बरोबर आला. तीनपैकी दोन शब्द आठवले.

“म्हणजे आई बरी आहे?”

“विसरतात त्या, ताई. पण आपण धरून चाललो होतो तेवढं नाही.”

बाहेर कुणाची तरी पावलं वाजली. रिस्टेन दचकली. बीरेतचा हात घट्ट धरून कुजबुजली.

“काय म्हणाली?”

“‘हळू बोल पोरी. वसतिगृहाचे गुरुजी ऐकतील. आपल्या भाषेत बोललं की उपाशी ठेवतात.’”

तोरिल उठली. दार उघडून तिने बाहेर पाहिलं. कुणीच नव्हतं. ती परत आली आणि आईसमोर गुडघे टेकून बसली.

“‘गुरुजी गेले’ असं सामीत कसं म्हणायचं?”

बीरेतने सांगितलं. तोरिल अडखळत ते शब्द बोलली.

रिस्टेनने तिच्याकडे निरखून पाहिलं, आणि हलकेच तिचा उच्चार दुरुस्त केला.