आईच्या पेशी

शकुंतलाबाईंना जाऊन सहा वर्षं झाली होती. त्यांच्या गाठीतल्या पेशी मात्र प्रयोगशाळेत अजून वाढत होत्या. आता तशीच गाठ त्यांच्या मुलीला, मृण्मयीला झाली होती. वाढ थांबवणारं नवं जनुक आधी आईच्या पेशींवर चाललं, तरच ते मृण्मयीला टोचणार होते. आणि पेशींची ही शेवटची बशी होती.

"सही नाही केलीत तरी चालेल," त्या बशीवर प्रयोग करायचं संमतीपत्र पुढे करत डॉ. नाफडे म्हणाले. "पण मग तुम्हाला औषध देता येणार नाही."

"या पेशींनीच आईला नेलं," मृण्मयी म्हणाली, "आणि आईच्या वाढदिवसाला मी यांनाच बघायला येते. वेडेपणाच की."

तिने सही केली.

तीन दिवसांनी डॉक्टरांनी तिला पडद्यासमोर बसवलं. "एकही पेशी वाढत नाहीये. अभिनंदन! सोमवारी तुमचं इंजेक्शन."

मृण्मयी त्या स्तब्ध ठिपक्यांकडे बघत राहिली.

"नक्की केव्हा थांबल्या?"

"काल सकाळी, नऊ वाजून दहा मिनिटांनी. का हो?"

"तिथी बघायला हवी," ती म्हणाली. "आईचं श्राद्ध आम्ही इतकी वर्षं चुकीच्या दिवशी करत होतो."