लुईझामावशीचं घर

“डोरा, फळीन् फळी काढायलाच हवी का गं?” लुईझामावशीनं वरांड्यातून विचारलं. “चार रेघा मार आणि जेवायला ये. भात निवला.”

डोरा गेलार्ड समोरच्या फुटपाथवर स्टूल टाकून बसली होती. तिनं मान वर केली नाही.

“चार रेघांचं घर पाडताना कुणाला काही वाटत नाही, मावशी. असं काढते, की बघणाऱ्याचा हात धजावायला नको.”

“पंपवाला चित्र बघत नाही गं. तो जागा बघतो.”

ते खरंच होतं. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या या चार्ल्स्टनमधली जुनी घरं एकेक करून पडत होती आणि तिथं पेट्रोलपंप उभे राहत होते. डोरानं आणि गावातल्या काही चित्रकारांनी त्यावर एकच उपाय धरला होता. गावाची चित्रं काढायची, छापायची आणि उत्तरेतल्या शहरांना दाखवायची. सुरुवातीला लोक हसले. मग चित्रं बघून पाहुणे गाड्या भरभरून यायला लागले, तेव्हा हसणं थांबलं.

मावशी म्हातारी, एकटी. घराचा कर तिला झेपत नव्हता. “ईस्टरपर्यंत थांबते,” तिनं बजावलं होतं. “तोवर घर ठेवणारं गिऱ्हाईक आण. नाहीतर पंपवाल्याला हो म्हणेन, आणि मग माझ्याकडं येऊन रडायचं नाही.”

याच वरांड्याचे गज धरून डोरा चालायला शिकली होती. ती रडणार नव्हती. ती काम करणार होती.

तिनं तांब्याच्या पत्र्यावर मेण चढवलं. आरशात बघत सुईनं सगळं घर उलटं कोरलं, म्हणजे कागदावर ते सुलटं उमटावं. मग रेघा खोल व्हाव्यात म्हणून पत्रा आम्लात बुडवला. पहिल्या खेपेला आम्लानं तो जास्त खाल्ला आणि छपराचा नुसता काळा डाग झाला. तिनं दुसरा पत्रा घेतला. बोटं भाजली, फडकं गुंडाळून पुन्हा बसली. शेवटी छापयंत्राचं चाक फिरवून कागद उचलला, तेव्हा घर जसंच्या तसं उतरलं होतं. फळ्या, गज, जिन्याचं वळण, खिडकीची वाकडी बिजागरी, सगळं.

प्रती उत्तरेला गेल्या. ईस्टर जवळ आला, आणि एके दिवशी मावशीच्या दारात एक धिप्पाड गृहस्थ उभे राहिले. हातात डोराचं चित्र.

“मी व्हिटलॉक. उत्तरेतून, क्लीव्हलंडहून आलो.”

त्यांनी घर वरपासून खालपर्यंत पाहिलं. तुळया ठोकल्या, वाकून सांधे तपासले.

“वाळवी?”

“छे हो. सायप्रसचं लाकूड आहे,” मावशी म्हणाली. “आणखी शंभर वर्षं हलायचं नाही.”

व्हिटलॉक नुसते हसले.

डोरानं आडपडदा ठेवला नाही. “पाडणार नाही ना तुम्ही?”

“पाडायला एवढ्या लांब येईन का, मिस गेलार्ड? यातला एक खिळा फुकट जाऊ देणार नाही.”

“मग भाड्यानं देणार?”

“नाही. माझ्या बायकोसाठी घेतोय. कॅरोलाइन याच गल्लीत वाढली. आता अंथरुणाला खिळलीय. तुमचं चित्र उशाशी ठेवते. रोज या घराचं नाव काढते.”

मावशीनं हातातलाच रुमाल डोळ्यांना लावला. “लवकर करा हो मग. आजारी माणसाला फार वाट बघायला लावू नये.”

“घाई मलाच आहे. बर्फ पडायच्या आत सगळं उरकायचंय.”

“बर्फ?” मावशी रडता रडता हसली. “आमच्याकडं बर्फ सरबतातच पडतो, साहेब!”

त्याच आठवड्यात व्यवहार झाला. पंपवाला तोंड वाकडं करून गेला. मावशी ट्रंका घेऊन डोराकडं राहायला आली आणि पहिल्याच दिवशी भात कसा शिजवावा यावरून तिच्याशी भांडली. डोरानं नवा पत्रा घासायला घेतला. एक घर वाचलं होतं. आता पुढचं.

ईस्टर सरल्यावर, व्हिटलॉकबाई आल्या का बघावं म्हणून, ती फुलं घेऊन त्या गल्लीत गेली.

फुटपाथवर गवत भरलेले खोके होते. वरांडा नव्हता. भिंतीच्या फळ्या उतरवून ओळीनं रचलेल्या होत्या आणि प्रत्येकीवर खडूनं आकडा घातलेला होता. जिना पोत्यांत बांधून गाडीवर चढवला होता. खोक्यांवर डांबरानं लिहिलं होतं, क्लीव्हलंड.

मुकादमाच्या हातातल्या लाकडी पाटीवर तिचं चित्र ठोकलं होतं. त्यातल्या फळीन् फळीवर लाल पेन्सिलीचे आकडे होते.

“हे चित्र...” डोरा म्हणाली. “हे मी काढलंय.”

मुकादमानं पटकन टोपी काढली.

“तुम्हीच का त्या! फार सोय झाली बघा, बाई. तिकडं जोडताना एक फळी चुकायची नाही. आता मागच्या बाजूचंही असंच एक काढून द्या की. तेवढी आम्ही उद्यापर्यंत उभी ठेवतो.”