न पटलेला शेवट

पडद्यावर 'समाप्त' उमटलं आणि अर्धं थिएटर टाळ्या वाजवायला उठलं, अर्धं शिव्या द्यायला.

त्या गलक्यानं सलूनवाल्यांच्या बायकोला जाग आली. मध्यंतरानंतर तिचा डोळा लागला होता. यानं, ग्रह, लाल-निळ्या किरणांच्या लढाया यातलं तिला कधीच काही कळलं नव्हतं. तिनं आधी शेजारी नवऱ्याकडे पाहिलं. ते ताठ बसले होते. नजर पडद्यावर, डाव्या हाताची मूठ घट्ट आवळलेली. दमले असतील, असं तिला वाटलं.

ही अंतराळाची गोष्ट थिएटरपेक्षा त्यांच्या सलूनमध्येच जास्त चालली, असं गिऱ्हाइकं म्हणायची. प्रत्येक भाग आला की सलूनवाले पहिल्या दिवशी बघून यायचे आणि मग महिनाभर त्याची चिरफाड चालायची. कप्तान कुठं चुकला, यान कुणामुळं कोसळलं, सगळं. गळ्याशी वस्तरा असताना वाद घालायची कुणाची टाप? त्यामुळं त्यांचंच खरं ठरायचं. बायको म्हणायची, "अहो, कात्री जरा थांबते तरी, तुमची जीभ थांबत नाही."

गेल्या हिवाळ्यात ती जीभ थांबली. मेंदूला झटका आला. पाय सावरला, हातही थोडाफार वळायला लागला. वाचा मात्र गेली ती गेलीच. समजायचं सगळं, पण शब्द ओठांपर्यंत येऊन मागं फिरायचा.

"त्यांच्या तोंडात शब्द घालू नका," बोलणं शिकवणाऱ्या बाई तिला परत परत बजावायच्या. तिलाही ते पटायचं. पण एका शब्दासाठी माणूस घामाघूम होताना कुणाला बघवतं? चहा हवा का, दुखतंय का, झोप लागली का, कुणीही काहीही विचारो, उत्तर तीच देऊन टाकायची. सुरुवातीला ते मान हलवायचे. हल्ली तेही सोडलं होतं. हा शेवटचा भाग बघायलासुद्धा मुलीनंच हट्ट करून आणलं होतं.

बाहेरच्या दालनात नुसता कल्लोळ होता. दोन मुली एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. एक चष्मेवाला "इतकी वर्षं वाट बघायला लावून हे दाखवलं?" असं भिंतीवरच्या पोस्टरलाच विचारत होता. लेकीचेही डोळे लाल झाले होते. तिला शेवट फार आवडला होता.

तेवढ्यात गर्दीतून बेकरीवाला वाट काढत आला. सलूनवाल्यांचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक आणि सर्वांत जुना भांडखोर.

"काय शेवट केलाय, वहिनी! सगळ्यांना पृथ्वीवर सुखरूप उतरवलं आणि कप्तान एकटा माघारी फिरला, परत त्या अंधारात. पाणी आलं डोळ्यांत. काय शेठ, तुम्हाला कसा..."

बोलता बोलता त्याला आठवलं. त्यानं जीभ चावली.

"आवडला त्यांना," बायको सवयीनं म्हणाली. "खूप आवडला."

तिच्या दंडावर एकदम पकड बसली. तिनं वळून पाहिलं. नवऱ्याचा चेहरा लालबुंद झाला होता.

"भि..."

"भीती वाटली का? भूक लागलीय?"

त्यांनी जोरानं मान हलवली. "भि... भि..."

तिला काही सुचेना. अर्धा सिनेमा झोपेत गेलेला, देणार तरी कुठला शब्द?

"आई, थांब जरा," मुलगी म्हणाली.

"भिकार!"

शब्द असा सुटला की चष्मेवाल्यानंही मागं वळून पाहिलं. बेकरीवाल्याचं तोंड उघडंच राहिलं. मुलगी बापाकडे पाहत राहिली, मग डोळे पुसून कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"भिकार? का म्हणून, बाबा? सगळ्यांना वाचवलं त्यानं. त्याग आहे तो!"

"नाही. घ... घ..."

हा शब्द मात्र बायकोला कळला. नुसता शब्दच नाही, पुढचं सगळं वाक्य कळलं. ते अगदी जिभेच्या टोकावर आलं. तिनं ओठ गच्च मिटले आणि पदराचं टोक मुठीत धरलं. लोक धक्के देत जात होते. नवऱ्याच्या कपाळावर घाम डवरला होता. ती हलली नाही.

"घरी," ते म्हणाले. बराच वेळ गेला. "यायला. हवा. होता."

मग बेकरीवाल्यानं घसा खाकरला आणि पूर्वीसारखाच तावातावानं म्हणाला, "काहीतरीच काय, शेठ! घरी आला असता तर गोष्टीत दम काय राहिला?"

सलूनवाल्यांनी डावा हात त्याच्या तोंडापुढं झटकला.

"गाढव!"

"ऐकलंत, वहिनी?" बेकरीवाल्याचा आवाज फुटला. "मला गाढव म्हणाले! स्वच्छ म्हणाले!" आणि हसता हसता तो भर गर्दीत लहान पोरासारखा रडायला लागला.

मग वाद रंगला. बाप एकेक शब्द खणून काढत होता, मुलगी आणि बेकरीवाला मिळून त्याला विरोध करत होते, कुणी कुणाला सोडत नव्हतं. चष्मेवालाही सलूनवाल्यांच्या बाजूनं येऊन उभा राहिला. आसपास कुणी त्या दिग्दर्शकाची अक्कल काढत होतं, कुणी त्याला सात पिढ्यांचे शाप देत होतं. बायकोनं मनातल्या मनात त्या कुठल्या कोण माणसाला उदंड आयुष्य मागितलं.

पदरानं तोंड पुसून ती त्या घोळक्यातून हळूच बाजूला झाली आणि तिकिटांच्या खिडकीशी गेली.

"उद्याची तीन तिकिटं द्या," ती म्हणाली. "आमच्या ह्यांना पिक्चर अजिबात आवडला नाही."