आतली बोटं

कोपनहेगनच्या प्रदर्शनासाठी राग्नहिल्डनं घडवलेली निळी फुलदाणी भट्टीतून निघाली, तेव्हा तिच्या पोटावर आतून रेटल्यासारखे पाच फुगवटे होते. गळ्यातून तर करंगळीही जात नव्हती.

"बाई, आत हात कसा घातलात?" भट्टीवाला थोरकिल हसला.

तिनं ती फोडली. दुसरी घडवली. पुन्हा तेच फुगवटे. तीही फोडली.

"आता नाद सोडा हो!"

"गुळगुळीत निघेपर्यंत मी थांबायची नाही."

तिसरीवरही फुगवटे होतेच. या वेळी तिनं हातोडी उचलली नाही. बोटं कुणाची ते बघूच, म्हणून तिनं बाहेरून आपला पंजा त्यांवर टेकवला. तंतोतंत बसला.

मग भाजून दगड झालेली ती बोटं हळूच वाकली आणि तिच्या बोटांत गुंफली.