एक जूनचा जन्म

“ह्या मालिकेतला जज्ज नुसत्या तारखाच देतो, निकाल म्हणून देत नाही,” शकुंतलाबाई पुटपुटल्या. पडद्यावर आरोपी मुलाचं वय ठरवायला वकील शाळेचा दाखला मागत होता. तेवढ्यात त्यांचं लक्ष समोर अवघडून बसलेल्या पाहुण्यांकडे गेलं आणि त्यांनी घाईनं टीव्ही बंद केला.

हिंदुराव आणि बजाबाई सकाळच्या एसटीनं वेळापूरहून सोलापूरला शकुंतलाबाईंच्या यजमानांकडे, गावच्या शाळेतल्या जुन्या गुरुजींकडे, आले होते. त्यांचा मुलगा अभिमन्यू गावातल्याच एका पोराच्या खुनाच्या आरोपाखाली महिनाभर आत होता. दाखल्याप्रमाणे अठरा पूर्ण, म्हणून मोठ्यांच्या तुरुंगात.

“जन्म दिवाळीतला हाय, गुरुजी. पैलीत घेताना तुमीच एक जून लिवलं की,” हिंदुराव म्हणाले. “तुमी कोर्टात सांगितलं, तर त्याला लहानात धरतील.”

वेणीमाधव गुरुजी चष्मा पुसत राहिले. निम्म्या गावाचे वाढदिवस त्यांनीच एक जूनला नेऊन ठेवले होते. सहा वर्षं भरत नाहीत म्हणून पोर वर्षभर घरी बसू नये, एवढाच हेतू.

“तारीख मी चुकीची लिहिली, असं सांगेन,” शेवटी ते म्हणाले. “पोर लहानच आहे.”

“लहानच हाय की,” हिंदुरावांनी हात जोडले. “त्याला काय कळतंय?”

बजाबाई पुढं सरकल्या.

“सांगा गुरुजी, खरी तारीख सांगा,” त्या म्हणाल्या. “पन त्या मेलेल्या पोराला मारलं आमच्या अभिमन्यूनंच. आन मारताना त्याला कळत व्हतं.”